भरल्या पोटाचा रकाना

दत्तोपंत ठोसर मोरगावला जात नसत. बारामतीत तीस वर्षं काढून मोरगावच्या गणपतीचं एकदाही दर्शन न घेतलेल्या माणसाला लोक नास्तिक समजतात, आणि कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणाऱ्याला तसं समजलं गेलेलं सोयीचंही पडतं. पण घरच्या देवापुढे रोज अथर्वशीर्ष म्हणणारा आपला नवरा मोरगावचं नाव निघालं की चष्मा पुसायला का घेतो, हे इंदिराबाईंना ठाऊक होतं. दर संकष्टीला त्या एकदाच विचारायच्या, "जाऊन यायचं का?" ते म्हणायचे, "बघू." इंदिराबाई मग मोदकांची उकड काढायला आत जायच्या.

ब्याण्णव साली पंत निवृत्त झाले. साठाव्या वर्षी माणसं आरामखुर्ची घेतात, यांनी संगणकाचा क्लास लावला. वर्गातली सगळी मुलं नातवंडांच्या वयाची. पंत पहिल्या बाकावर बसून वहीत आज्ञा उतरवून घेत आणि घरी जेवणाच्या टेबलावर बोटं आपटून सराव करत. "भाजीत मीठ कमी आहे का?" इंदिराबाई विचारायच्या, आणि उत्तरादाखल टेबलावर टकटक व्हायची. सहा महिन्यांत ते असे तयार झाले, की एमआयडीसीच्या रस्त्याला एका मेंढी सुधार प्रकल्पाचं दोन खोल्यांचं ऑफिस निघालं तेव्हा तिथले प्रमुख कुंडलिकराव त्यांना बोलवायला स्वतः घरी आले.

काम तसं साधं होतं. मेंढपाळाकडे काटा नसतो. व्यापारी जनावर उचलून अंदाजानं वजन सांगतो आणि तोच भाव ठरतो. प्रकल्पाला अशी टेप छापायची होती, की मेंढीच्या पुढच्या पायांमागून छातीभोवती गुंडाळली की घेरासमोर वजन वाचता यावं. त्यासाठी आधी बऱ्याच मेंढ्यांचा घेर आणि वजन दोन्ही मोजायचं, आणि घेरावरून वजन सांगणारी रेषा काढायची. संख्याशास्त्रात याला रिग्रेशन म्हणतात. पंतांनी ते आयुष्यभर फळ्यावर शिकवलं होतं. खऱ्या मेंढीवर मात्र ते पहिल्यांदाच करत होते.

तीन नोंदकांनी तीन गावांतून साडेसहाशेच्या आसपास नोंदी आणल्या. त्यांतल्या वरकुटे गावच्या दोनशे बारा नोंदी नोंदक क्रमांक तीनच्या. पंतांनी पंधरा दिवस बसून सगळं स्वतः संगणकात भरलं आणि पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत हिशेब चालवला. संगणकानं पहिल्याच झटक्याला काम नाकारलं. पडद्यावर एक ओळ आली, की मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, उलटता येत नाही.

कुंडलिकराव मागे उभे होते. "बिघडला का काय हो सर?"

"नाही. आपलंच काहीतरी चुकलंय." पंतांनी रकाने एकेक करून तपासले. दुपारपर्यंत सापडलं. फॉर्मात मेंढीचं वय महिन्यांत होतं, आणि कुणीतरी हौसेनं शेजारी वर्षांतही लिहिलं होतं. पंतांनी दोन्ही रकाने भरले होते. "एकच गोष्ट दोन नावांनी सांगितली की त्याला कळत नाही कुणाला श्रेय द्यायचं. मग ते बसून राहतं."

"आमच्या घरी दोन सुना झाल्यापासून हेच चाललंय," कुंडलिकराव म्हणाले.

वर्षांचा रकाना काढल्यावर रेषा निघाली, पण ढिली. घेरावरून वजन सांगावं तर तीन-तीन, चार-चार किलोंनी चुकत होतं. असली टेप बाजारात नेली तर व्यापारी हसले असते. पंतांनी मग अंदाज आणि खरं वजन यांतला फरक कागदावर छापून घेतला. प्रिंटरनं करकरत लांबच लांब कागद ओकला, त्यावर चांदण्यांच्या खुणा. तो कागद पंतांनी खिडकीपाशी धरला आणि त्यांना दिसलं, की खुणांचे दोन पट्टे आहेत. एक खाली, एक वर, मध्ये रिकामी जागा. वरच्या पट्ट्यातली प्रत्येक खूण नोंदक क्रमांक तीनची होती. वरकुट्याची प्रत्येक मेंढी तेवढ्याच घेराच्या इतर मेंढ्यांपेक्षा तीन किलोंच्या आसपास जड.

"कोण आहे हा क्रमांक तीन?"

"बाई आहे. नकोशी मारकड. बारावी झालीय, त्यांच्या वस्तीवर तेवढीच शिकलेली." कुंडलिकरावांनी मान हलवली. "म्हणूनच घेतली होती. घरी बसून आकडे मारले असणार बघा."

त्यांच्या सांगण्यावरून पंतांनी वरकुट्याच्या नोंदी बाजूला ठेवून पुन्हा हिशेब केला. रेषा एकदम घट्ट बसली. कुंडलिकरावांनी टेबलावर थाप मारली. "आता कसं. सर, एवढं दोन ओळींत लिहून द्या. मार्चअखेर अहवाल जायचाय."

पंतांनी लिहून दिलं. 'नोंदक क्रमांक तीन हिच्या नोंदी विश्वासार्ह वाटत नाहीत. त्या वगळाव्यात.' खाली सही केली, तारीख घातली, आणि घरी येऊन वरणभात जेवले.

आठ दिवसांनी दुपारी इंदिराबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. पंत शेजारी येऊन बसले, पण शेंगांना हात लावेनात.

"अहो, काय झालं?"

त्यांनी सांगितलं. पट्टे सांगितले, सही सांगितली. इंदिराबाई सगळं ऐकून म्हणाल्या, "त्या बाईला विचारलंत का?"

"काय विचारायचं?"

"तिच्याच मेंढ्या जड का, ते."

प्रश्न इतका सरळ होता की त्याची लाज वाटावी. ते म्हणाले, "मला एक गोष्ट सुचतेय आणि ती मला नकोय. घरी बसून आकडे मारणारा माणूस कधी जास्त मारतो, कधी कमी. हिचे दोनशे बारा आकडे एकाच अंतरानं वर आहेत. खोटं बोलणारा इतकं एकसारखं खोटं बोलत नाही, इंदिरा."

इंदिराबाईंनी सूप खाली ठेवलं. दोघांनाही एकच माणूस आठवला होता.

बहात्तरच्या दुष्काळात कॉलेजचे वर्ग ओस पडले होते. पोरं खडी फोडायला गेलेली. त्यातल्या एका दिवशी पंतांसमोर दोनच विद्यार्थी होते, एक बारामतीतल्या वकिलाचा मुलगा आणि दुसरा मोरगावहून रोज एसटीनं येणारा महिपती. पंतांनी त्या दोघांना रिग्रेशनच शिकवलं. पुढे सहामाहीच्या पेपरात त्या दोघांनीच सूत्राचा छेद उलटा घातला, अगदी सारखा. महिपती वकिलाच्या मुलाच्या मागे बसला होता. पंतांनी कॉपीचा शेरा लिहिला, त्याची फीमाफी गेली, आणि महिपती पुन्हा कॉलेजात दिसला नाही. दोन वर्षांनी जुनी टिपणं चाळताना पंतांना तो दिवस सापडला. छेद त्यांनी स्वतःच उलटा लिहून नेला होता. फळ्यावर चूक त्यांची होती. नंतर वर्ग भरले तेव्हा बाकीच्यांना त्यांनी दुसऱ्या वहीतून नीट शिकवलं होतं, त्यामुळे चूक त्या दोघांपुरतीच राहिली. मोरगाव बारामतीहून तासाभराच्या आत. तेवढं अंतर त्यांना वीस-एकवीस वर्षांत कापता आलं नव्हतं.

"वरकुट्याला कसं जातात?" पंतांनी विचारलं.

"इंदापूरपर्यंत एसटी आहे. पुढे विचारा." इंदिराबाई उठल्या. "दशम्या करून देते."

मारकडांच्या वस्तीवर ते दिवस कलताना पोचले. वीस-बावीस वर्षांची एक बाई वाघरीची, म्हणजे मेंढ्यांभोवतीच्या जाळीची, मेख ठोकत होती. तीच नकोशी. पंतांनी आपलं नाव सांगितलं तसा तिनं पदर सारखा केला आणि आत जाऊन एक पाकीट आणून त्यांच्या हातात दिलं. प्रकल्पाचं पत्र होतं. 'आपल्या सेवेची यापुढे आवश्यकता नाही.' त्याच्यासोबत पंतांच्या चिठ्ठीची नक्कल जोडलेली होती.

"परवा आलं," ती म्हणाली. "आता परत काय राहिलं, सर?"

पंतांनी पत्र वाचून खिशात ठेवलं. "तुम्ही वजन कसं घेता, ते बघायला आलोय."

"आता बघून काय करनार?"

"ते बघितल्यावर सांगतो."

वस्तीचा म्हातारा गेणूआबा, नकोशीचा चुलतसासरा, बाजेवरून सगळं ऐकत होता. "येऊ दे की," तो म्हणाला. "आजवर कागुद बघून बोलला, आता मेंढरं बघून बोलंल. मास्तर, भाकरी खानार ना आमच्यातली?"

"खाईन की, आबा."

"मग बसा. उद्या सकाळी मोजनी हाय."

पंत दचकले. "उद्या? पण यांना तर..."

"म्हैनाअखेरची मोजनी राहिली हुती," नकोशी म्हणाली. "मला काढलं म्हनून मेंढरं वाढायची थांबत न्हाईत. नोंदीत खाडा नको."

सकाळी सातला, चरायला सोडण्याआधी, तिनं दहा-दहा मेंढ्या वेगळ्या केल्या. पंत वही घेऊन लिंबाखाली बसले. तिचा हात बघण्यासारखा होता. मेंढी गुडघ्यांत धरायची, टेप पुढच्या पायांमागून फिरवायची, लोकरीत बोट घालून टेप कातडीला टेकलीय का बघायची, आणि दोनदा वाचून मगच लिहायचं. लिंबाला स्प्रिंगचा काटा टांगलेला. रिकामी झोळी अडकवून तिनं काटा शून्यावर आणला. पंतांनी स्वतः तपासला, बरोबर होता. चूक इथं नव्हती.

मग नकोशीच्या दोघी जावांनी सुबाभळीच्या पाल्यानं भरलेल्या मोठ्या पाट्या आणल्या आणि वेगळ्या काढलेल्या दहा मेंढ्यांपुढे ठेवल्या. त्यामागोमाग पाण्याचं टिपाड. मेंढ्या कराकरा पाला खाऊ लागल्या. सगळ्यांनी निवांत चहा घेतला. मेंढ्या पाणी पिऊन माना वर करेपर्यंत कुणी घाई केली नाही. मग नकोशी उठली आणि पहिली मेंढी झोळीत घालू लागली.

"थांबा," पंत म्हणाले. "हे दर वेळी करता?"

"काय?"

"वजनाआधी खायला घालता."

तिनं गेणूआबाकडं बघितलं, जणू पाहुण्यानं श्वास घेता का असं विचारलं होतं. उत्तर म्हाताऱ्यानं दिलं.

"मास्तर, आमच्यात जनावर वजनाला कवा उचलत्यात? इकलं तवाच. वस्तीवरनं जायाच्या दिशी. आन घरातनं जानारं उपाशी जाऊ द्यायचं न्हाय. लेकीला न्हाय का आपन दोन घास खाऊ घालून वाटं लावत? तसंच. माझ्या बापानं केलं, मी बी करतो. ही पोरगी काटा घेऊन आली, म्हनली नुसतं मोजायचं हाय, इकायचं न्हाय. म्हनलं मोज. पर उपाशी मेंढरू माझ्या वस्तीवर काट्याला लागनार न्हाय."

"फॉर्मवर सकाळी, चरायला सोडण्याआधी असं लिहिलंय," पंत हळूच म्हणाले.

"सातलाच घेती. सोडायच्या आधीच घेती," नकोशी म्हणाली. "त्यात काय खोटं हाय?"

"काहीच नाही. पण तुम्ही हे कुठं लिहिलं नाहीत."

"फॉर्मात रकाना नव्हता." तिनं मेंढी पुन्हा गुडघ्यांत धरली. "आन् कुनाला खाऊ घालून पाठवलं, हे कुनी लिवून ठिवतं का, सर?"

पंतांना खात्री करायची होती. एक मेंढी खाण्याआधी आणि खाल्ल्यानंतर मोजली असती की काम झालं असतं. त्यांनी तसं म्हटल्यावर गेणूआबानं नुसती मान फिरवली. वस्तीवरच्या बायाही हातातलं काम थांबवून त्यांच्याकडे बघू लागल्या. पंतांनी पाटीकडे बघितलं.

"आबा, मेंढरू राहू दे. पाटी मोजू."

पुढच्या दहा मेंढ्यांच्या वेळी त्यांनी आधी पाल्याच्या पाट्या काट्याला लावल्या, पाणी घागरीनं मापून टिपाडात ओतलं, आणि मेंढ्यांचं झाल्यावर जे उरलं ते पुन्हा मोजलं. दहा मेंढ्यांनी मिळून एकतीस किलो पोटात घातले होते. एकीच्या वाट्याला तीन किलो आणि वर थोडं. कागदावरचा वरचा पट्टा तो हाच. छातीच्या घेरात ते दिसत नव्हतं आणि काट्यावर दिसत होतं.

"पाटी उपाशी काट्यावर चढिवली तर चालतं व्हय?" धाकट्या जावेनं नकोशीच्या कानाशी म्हटलं, आणि नकोशी पहिल्यांदा हसली.

निघताना पंतांनी हात जोडले. आयुष्यात त्यांनी विद्यार्थिनीच्या वयाच्या बाईला असे हात कधी जोडले नव्हते. "माझी चूक झाली. विचारल्याशिवाय लिहिलं."

नकोशीनं पत्र त्यांच्याकडून परत मागून घेतलं, घडी घातली. "चूक झाली हे मला सांगून काय उपेग, सर. ज्यांना लिवून दिलं त्यांना सांगा. वस्तीवर समदी म्हनत्यात, शिकलेली बाई खोटं लिवती. उद्या आमच्या पोरी कोन शाळंत घालील?"

सोमवारी ऑफिस उघडण्याआधी पंत पायरीवर बसलेले होते. कुंडलिकरावांनी ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. "सर, अहवाल टाइपिंगला गेला. आता म्हणायचं काय वरती?"

"संख्याशास्त्रज्ञानं चूक केली म्हणायचं."

"तुमचं नाव घालू?"

"सहीसुद्धा देतो. पहिल्या चिठ्ठीवर दिली तशीच."

पंत संगणकापुढे बसले. या वेळी त्यांना काही सुटू द्यायचं नव्हतं, म्हणून त्यांनी दोन नवे रकाने घातले. एक गावाचा, वरकुटे असेल तिथं एक आणि बाकी शून्य. दुसरा पोट भरलेलं असेल तिथं एक, उपाशी असेल तिथं शून्य. हिशेब चालवला, आणि संगणकानं पुन्हा तीच ओळ दाखवून काम नाकारलं. मॅट्रिक्स उलटता येत नाही.

पंतांनी दोन्ही रकाने पडद्यावर शेजारी आणले. दोन्ही रकान्यांत एक आणि शून्य अगदी जागच्या जागी सारखे होते. यंत्राच्या लेखी वरकुटे आणि भरलेलं पोट ही एकच गोष्ट होती. दोन्हींतला एक रकाना पुसावा लागणार होता, आणि कुठलाही पुसला तरी आकडे तेच येणार होते. पण छापील अहवालात जो राहील तो लोक वाचणार होते. गावाचा ठेवला तर वरकुट्याच्या नोंदी वेगळ्या, असं सगळे म्हणणार. पंतांनी गावाचा रकाना पुसला. राहिलेल्या रकान्याला त्यांनी नाव दिलं, 'वजनापूर्वी खाणेपाणी'.

रेषा निघाली. आधीपेक्षाही घट्ट. भरल्या पोटाचे दोन किलो नऊशे ग्रॅम. लिंबाखाली एकतीस किलोंना दहांनी भागून आलं होतं त्याच्या अगदी शेजारी.

नकोशीला बोलावणारं पत्र त्याच दिवशी गेलं. पंतांच्या सांगण्यावरून त्याची एक नक्कल गावच्या शाळेच्या फळ्यावर लावायला पाठवली. ती कामावर परतली खरी, पण ऑफिसात आली की पूर्वीसारखी बोलत नाही, असं कुंडलिकराव सांगायचे. फॉर्म भरताना आता ती प्रत्येक पानाच्या मागे काहीतरी लिहिते. 'या मेंढीचं पिल्लू काल गेलं.' 'हिला पाऊस लागला होता, लोकर ओली.' विचारलं नाही तरी लिहिते.

चैत्रातल्या संकष्टीला इंदिराबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "जाऊन यायचं का?"

"चल," पंत म्हणाले.

दर्शन झाल्यावर त्यांनी नारळवाल्याकडे महिपतीची चौकशी केली. गावाबाहेर त्याच्या शेळ्या आणि थोडी बाजरी, असं कळल्यावर दोघं तिकडे गेले. तो पन्नाशीला टेकलेला वाटत होता, खरं तर चाळिशीही नीट उलटलेली नव्हती. त्यानं सरांना लगेच ओळखलं, घोंगडी अंथरली, बायकोला चहा टाकायला सांगितला. पंतांनी बसण्याआधीच सांगून टाकलं. फळ्यावरचा छेद, जुनी वही, सगळं.

महिपती जमिनीवर काडीनं रेघा ओढत होता.

"मला ठावं हुतं, सर," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"छेद उलटा हाय ते. येष्टीत बसल्या बसल्या करून बघितलं हुतं. आकडा येईना." त्यानं काडी टाकली. "पर तुमी शिकिवलं हुतं. तुमच्या पेपरात दुसरं कसं लिवनार?"

इंदिराबाईंनी पुढे होऊन महिपतीच्या बायकोच्या हातातलं ताट घेतलं आणि पहिला चहा महिपतीपुढे ठेवला. तो घेईना, आधी सरांनी घ्यावा म्हणून थांबला होता. पंतांनी कप उचलला. चहा फार गरम होता, तरी त्यांनी तो तसाच प्यायला.